कणखर मन म्हणजे दगडाचे मन नव्हे

"मन घट्ट कर" हा सल्ला आपल्या तरुणांना दोन ठिकाणांहून मिळतो. पहिले ठिकाण म्हणजे कॉलेज, हॉस्टेल, ऑफिस. तिथे पहिल्याच आठवड्यात रँक विचारला जातो, आडनाव विचारले जाते, 'सरकारचे जावई' म्हणून हसले जाते. मुलगा किंवा मुलगी तक्रार घेऊन गेली की खुर्चीतला माणूस समजुतीच्या सुरात सांगतो, "एवढे मनाला लावून घ्यायचे नसते. बाहेरचे जग याहून कठीण आहे." दुसरे ठिकाण म्हणजे आपली स्वतःची चळवळ. तिथे एखादा कार्यकर्ता थकला, गप्प झाला, दोन बैठकांना आला नाही, की आपणच त्याला म्हणतो, "बाबासाहेबांनी किती सोसले! आणि तू एवढ्यात खचलास?"

पहिला सल्ला देणारा परका असतो, दुसरा देणारा आपला असतो. परिणाम मात्र एकच होतो. ज्याला दुखते त्यालाच दोषी ठरवले जाते. आमचे म्हणणे असे आहे की कणखर मनाची गरज शंभर टक्के खरी आहे, कारण आपला लढा लांबचा आहे. पण कणखरपणा म्हणजे काय, हे आपण चुकीच्या लोकांकडून शिकलो आहोत. तो नव्याने आणि आपल्याच परंपरेतून शिकायला हवा.

हे आम्ही शहाणपण शिकवायला लिहीत नाही, आमची चूक कबूल करायला लिहीत आहोत. आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगा होता. घोषणा लिहिण्यात पुढे, पोस्टर चिकटवण्यात पुढे, गावात ॲट्रॉसिटीची केस दाखल करायची तर पोलीस ठाण्यात पहाटेपर्यंत बसायला पुढे. एक दिवस त्याचे येणे कमी झाले. फोन उचलेना. आम्ही बैठकीत त्याच्या नावाने काय काय बोललो ते आज आठवले तरी लाज वाटते. ढेपाळला, विकला गेला, नोकरीच्या मागे लागला. एकानेही त्याच्या खोलीवर जाऊन विचारले नाही की बाबा रे, जेवलास का? पुढे कळले की तो कित्येक महिने धड झोपलाच नव्हता. त्याची बहीण त्याला सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेली, औषधे सुरू झाली आणि तो सावरला. तो सावरला यात आमचा काडीचाही वाटा नव्हता. समतेची भाषा करणाऱ्या आम्हाला आमच्याच शेजारी बसलेल्या माणसाचे दुखणे दिसले नाही.

खंबीर राहा म्हणणाऱ्यांचा डाव

प्रस्थापित व्यवस्थेला खंबीरपणाचा विषय फार आवडतो, कारण त्यात व्यवस्थेची चौकशी होत नाही. रोहित वेमुलाची फेलोशिप महिनोन् महिने अडकवली गेली, त्याला चार साथींसह हॉस्टेलबाहेर काढले गेले, त्यांनी विद्यापीठाच्या आवारात तंबू ठोकून रात्री काढल्या. 17 जानेवारी 2016 ला तो गेला. त्यानंतर चर्चा कशाची झाली? त्याच्या जातीच्या दाखल्याची आणि त्याच्या मनाच्या कमकुवतपणाची. 22 मे 2019 ला डॉ. पायल तडवी गेली. स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी मुलगी. तेव्हाही 'कामाचा ताण झेपला नाही' असे म्हणणारे निघालेच. 12 फेब्रुवारी 2023 ला मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाला असलेला दर्शन सोळंकी गेला. संस्थेच्या चौकशी समितीने जातीय भेदभावाचा ठोस पुरावा नाही असे सांगत त्याच्या खालावलेल्या अभ्यासाकडे बोट दाखवले.

माणूस आपले आयुष्य संपवतो त्यामागे एकच एक कारण कधी नसते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणूनच आम्ही या मुलांच्या मरणाला बलिदान म्हणत नाही. ती जगायला हवी होती. शिकून मोठी व्हायला हवी होती, म्हातारी व्हायला हवी होती. पण कारणे अनेक असली तरी त्यातले जातीचे कारण तेवढे वगळून बाकीची मोजणे, ही चौकशी नव्हे, चलाखी आहे. उच्च शिक्षणातील भेदभावावर 2007 साली थोरात समितीने दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला. 2012 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे नियम काढले. कागद आहेत, पण विद्यार्थ्यांच्या वाट्याला तोच जुना सल्ला येतो, 'घट्ट व्हा'.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट करू. अन्याय सोसण्याची ताकद वाढवणे याला आम्ही कणखरपणा म्हणत नाही. आपल्या आज्या-पणज्यांइतके सोसणारे जगात कोणी नसेल. सोसण्यानेच मुक्ती मिळत असती तर ती हजार वर्षांपूर्वीच मिळाली असती. सोसणे थांबवून उभे राहण्यासाठी जे मन लागते, आणि उभे राहिल्यावर येणारे घाव घेऊनही जे मन पुन्हा कामाला लागते, ते कणखर मन.

बाबासाहेबांचे अश्रू

आता चळवळीतल्या सल्ल्याकडे वळू. "बाबासाहेबांनी एवढे सोसले, ते रडले का?" असे विचारणाऱ्यांनी बाबासाहेबांना नीट वाचलेले नाही. बाबासाहेब रडले होते, आणि ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

1917 साल. कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमध्ये पाऊल ठेवून आलेला तरुण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतला आणि करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. एका हिंदू मित्राकडे विचारले, एका ख्रिस्ती मित्राकडे विचारले. दोघांकडेही जागा झाली नाही. त्या दिवशी ते कामाठी बागेत बसून राहिले. मन सुन्न होते, आईवडिलांची आठवण येत होती, जशी असहाय लेकराला येते. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले. या घटनेबद्दल अठरा वर्षांनंतर लिहिताना ते सांगतात की ते दृश्य अजून पुसले गेलेले नाही आणि ते आठवले की आजही डोळ्यांत पाणी येते.

हे लिहिले तेव्हा महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या, देशातला सगळ्यात मोठा राजकीय नेता समोर असताना त्यांनी पुणे करार पेलला होता. एवढ्या ताकदीचा माणूस आपली भीती आणि आपले अश्रू लपवत नाही. मग त्यांचे नाव घेऊन आपण एखाद्या वीस वर्षांच्या पोराला रडू नकोस म्हणून का दटावतो?

चार लेकरे गेली. 1926 साली लाडका राजरत्न गेल्यावर त्यांनी मित्राला लिहिलेले पत्र वाचा. उद्ध्वस्त झालेल्या बापाचे ते पत्र आहे. 1935 च्या मे महिन्यात माता रमाई गेल्या तेव्हाही ते कोसळले होते. आणि त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. दुःख दाबून टाकले म्हणून घोषणा झाली असे नाही. दुःखाला दुःख म्हटले, त्याला जागा दिली, आणि मग काम केले. बाबासाहेबांचा कणखरपणा तो हा.

एकट्याचा कणखरपणा ही अफवा आहे

बडोद्याहून परतलेला तो तरुण पुढच्या सहा वर्षांत डी.एस्सी. आणि बॅरिस्टर कसा झाला? 'जिद्द' असे एका शब्दात उत्तर देऊन आपण मोकळे होतो. जिद्द होतीच. पण नुसत्या जिद्दीवर बोटीचे तिकीट निघत नाही.

क्रम पाहा. मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जात कळल्यावर बसला. शिकवण्या केल्या. 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. त्या पगारातून पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. लंडन विद्यापीठाने अर्धवट राहिलेला अभ्यास चार वर्षांच्या आत पुरा करण्याची मुभा दिलेली होती. घरी रमाईने अर्धपोटी राहून संसार ओढला. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी बदल करायला सांगून परत पाठवला. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा दिला आणि 1923 साली पदवी मिळाली.

म्हणजे एका माणसाच्या खंबीर मनामागे पगार होता, कर्ज देणारा मित्र होता, मदत करणारा राजा होता, चार वर्षांची मुदत होती आणि घर सांभाळणारी रमाई होती. यातले एक जरी नसते तर? म्हणून आम्ही म्हणतो की मनोबल ही एकट्याच्या छातीत उगवणारी गोष्ट नाही. ती बांधावी लागते, जशी आपल्या लोकांनी वर्गणी काढून विहारे बांधली. आज परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाचा तिसऱ्यांदा निकाल जातो, वय पुढे सरकते, गावाकडून 'पैसे कधीपर्यंत पाठवायचे' असा फोन येतो. त्याला प्रेरणादायी भाषणाची क्लिप पाठवून काय होणार? त्याला दोन महिन्यांची मेस आणि दुसरी वाट दाखवणारा कोणी थोरला हवा असतो.

आणि ज्यांना आपण एकटे सोडले त्यांचीही आठवण ठेवू. खैरलांजीत 29 सप्टेंबर 2006 ला पत्नी, मुलगी आणि दोन मुले गमावलेले भैयालाल भोतमांगे दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना दिलेली फाशी उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली. सर्वोच्च न्यायालयातला निकाल पाहण्याआधीच 20 जानेवारी 2017 ला ते गेले. त्यांच्यापेक्षा कणखर माणूस आम्हाला दाखवा. पण मोर्चे संपल्यावर, कॅमेरे गेल्यावर, त्या माणसाच्या रिकाम्या घरी आपल्यापैकी किती जण जाऊन बसले? या प्रश्नाचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

ताणलेली तार

तथागतांचा एक शिष्य होता, सोण. सुखात वाढलेला. भिक्खू झाल्यावर त्याने स्वतःला इतके झिजवले की चालून चालून पाय रक्ताळले. तरी मन शांत होईना, तेव्हा घरी परतावे असे त्याला वाटू लागले. भगवंतांनी त्याला विचारले, तू पूर्वी वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? दोन्ही वेळा उत्तर 'नाही' असेच होते. वीर्य हवे, पण ते मापात हवे, एवढेच तथागतांना सांगायचे होते. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आजारी शरीर, संविधानाचे आणि धम्माचे अफाट काम, आणि तरी व्हायोलिनला वेळ! आपला कार्यकर्ता मात्र सुट्टी घेतली तर अपराध्यासारखा वागतो.

मागे येणे म्हणजे पळून जाणे नव्हे, हेही महाडने शिकवले आहे. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर परतणाऱ्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. लोकांत लष्करातून निवृत्त झालेले गडी होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, पण न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता. लोक तळ्यावर जायला तयार होते, तरी सत्याग्रह पुढे ढकलला गेला आणि लढा न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाचा निकाल 17 मार्च 1937 ला आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला, आणि त्यातून पुढे काही निघणार नाही हे दिसल्यावर बाबासाहेबांनी तो थांबवायला सांगितले. लढा कुठला लढायचा, कुठला लांबवायचा आणि कुठला सोडायचा हे ठरवायला जे डोके थंड राहते, त्यालाच कणखर म्हणतात. समाजमाध्यमावर रात्री दोन वाजता एखाद्या बिनचेहऱ्याच्या अकाउंटशी भांडत बसणाऱ्या आपल्या पोरांनी यावर विचार करावा. त्या भांडणात विरोधकाचे काही जात नाही, आपली झोप मात्र जाते.

एक आक्षेप

काही साथी म्हणतील, हे मानसिक आरोग्य वगैरे सुखवस्तूंचे चोचले आहेत. आपला प्रश्न जातिव्यवस्थेचा आहे, डोक्याच्या डॉक्टरने जात जाणार आहे का? नाही जाणार. गोळीने ताप उतरतो, गटार साफ होत नाही. पण गटार साफ करायला जाणारा माणूस तापाने फणफणत असेल तर त्याला आधी गोळी देऊ की क्रांती होईपर्यंत थांब म्हणू? व्यवस्थेशी लढणे आणि लढणाऱ्याला जपणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

या आक्षेपात एक खरी गोष्ट मात्र आहे. कित्येक समुपदेशकांना जात कळतच नाही. मुलगी सांगते की मैत्रिणींनी डबा खाणे बंद केले, आणि समोरची बाई विचारते, "तुला असे वाटण्यामागे लहानपणचे काही आहे का?" अशा वेळी उपचारच नवा घाव होतो. म्हणून आपल्यातल्या हुशार मुला-मुलींनी फक्त यूपीएससी आणि इंजिनिअरिंगकडे न पाहता मानसशास्त्र, मानसोपचार, समाजकार्य शिकावे. आपल्याला आपले वकील लागले तसेच आपले समुपदेशक लागतील.

मग करायचे काय?

पहिले, अपमान झाला की लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, साक्षीदार. याचा तक्रारीसाठी उपयोग होतोच, पण मनालाही होतो. लिहिलेले दुःख डोक्यात गरगरत नाही, वहीत बसते. बाबासाहेबांनीही आपले अनुभव असेच लिहून ठेवले.

दुसरे, दोन माणसे पक्की ठेवा. एक घरातले किंवा जिवलग, एक चळवळीतले. ज्यांना रात्री फोन करता येईल आणि जी उपदेश न करता ऐकतील.

तिसरे, दारूपासून लांब राहा. ताण घालवायला म्हणून सुरू होते आणि आपले किती तरी चांगले वक्ते, गायक, कार्यकर्ते तिने खाल्ले. बावीस प्रतिज्ञांतली सतरावी प्रतिज्ञा उगाच नाही. पण जो अडकला आहे त्याला शरमिंदा करू नका, उपचाराला न्या.

चौथे, दहा पारमितांत क्षांती आहे आणि वीर्यही आहे, हे विसरू नका. नुसती क्षांती गुलाम करते, नुसते वीर्य जाळून टाकते. वंदना, आनापान, व्यायाम, वाचन, वेळेवर झोप, यातले जे जमेल ते रोज करा. संकट आल्यावर सुरू करू म्हणाल तर होत नाही.

पाचवे, विहारात फक्त जयंतीची बैठक नको. महिन्यातून एक बैठक अशी घ्या जिथे निवेदन नाही, ठराव नाही, फक्त एकमेकांची विचारपूस. पुरुषांनी त्यात बोलायला शिकावे आणि चहा करायलाही शिकावे. आपल्या बाया घर, नोकरी आणि चळवळ अशी तिहेरी ओझी वाहतात, त्यांचा थकवा कुठल्याच अहवालात येत नाही. संघटनेने अडीअडचणीसाठी छोटा का होईना निधी ठेवावा.

सहावे, आणि सर्वांत महत्त्वाचे. झोप उडाली, जेवण जाईना, कशात राम वाटेना, जगणे नको वाटू लागले, तर हा कमकुवतपणा नव्हे, आजार आहे. डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून असे उपचार मिळणे हा आपला हक्क ठरवला आहे. जो हक्क आहे तो घ्यायला लाज कसली? आणि मित्र असे काही बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. सरळ विचारा, ऐका, सोबत दवाखान्यात जा.

आमचा तो साथी आता पुन्हा अभ्यासवर्गाला येतो. रोज नाही, जमेल तेव्हा. गेल्या खेपेला एक नवी मुलगी बोलता बोलता रडली. सगळे गप्प झाले, कुणाला काय बोलावे सुचेना. तोच उठला, तिला पाणी दिले आणि म्हणाला, "सावकाश बोल, आपल्याला घाई नाही." हे वाक्य आम्ही त्याला दोन वर्षांपूर्वी म्हणायला हवे होते.

विरोधकाला आपण मेलेले चालतो, थकलेलेही चालतो. त्याला जड जाते ते आपले टिकणे. म्हणून टिकू या, एकमेकांना टिकवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!